आईच्या हातच्या बरगड्या

विमा कंपनीच्या दावे विभागात निवृत्त होईपर्यंत जिने सगळी नोकरी केली, त्या बाईला ऑफिसातले लोक पाठीमागे नामंजूरबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं. माणसं कशाकशाने पडतात, भाजतात, चेंगरतात हे तिने कागदावर इतकं वाचलं होतं, की रस्त्यात कोणाची साधी शिडी लावलेली दिसली तरी ती पलीकडच्या फुटपाथवर जाई. घरातली गॅसची नळी जुनी व्हायच्या आधीच बदलली जाई. नवरा आंघोळीला गेला आणि पाण्याचा आवाज जरा थांबला, की बाथरूमच्या दारावर थाप पडे. "अहो, आहात ना?" नवरा आतून शांतपणे उत्तर देई, "नाही, वाहून गेलो."

अशा बाईच्या पोटी विमान बांधणारी लेक जन्माला आली.

लेक चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. दर रविवारी सकाळी ती परभाषेच्या क्लासला जाते अशी घरात समजूत होती. क्लास निवडतानाही तिने आईचा विचार केला होता; पोहायला जाते म्हटलं असतं तर बुडण्याची भीती, सायकलिंग म्हटलं असतं तर ट्रकची. भाषा शिकताना आजवर कोणी दगावल्याचं नामंजूरबाईच्या वाचनात नव्हतं. मग एकदा जेवताना लेकीने वैमानिकाचा परवाना ताटाशेजारी ठेवला. त्यावर फोटो तिचाच होता. बाईने परवाना उलटून पाहिला, सुलटून पाहिला आणि विचारलं, "मग ती भाषा?"

"ती नाही आली," लेक म्हणाली.

त्यानंतर काही महिन्यांनी घरासमोर ट्रक थांबला आणि गॅरेजमध्ये लाकडी खोकी उतरली. खोक्यांत विमान होतं, तुकड्यातुकड्यांचं. घरची गाडी रस्त्यावर गेली आणि गॅरेजात अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, पंखांचे लांबलचक कणे आणि शेपटीसारखं काहीतरी येऊन बसलं. नामंजूरबाईचं रडून झालं. अबोला धरून झाला. जेवताना अपघातांच्या बातम्या मोठ्याने वाचून झाल्या. लेक सगळं ऐकून घेई, भाजी आणखी वाढून घेई आणि हात धुऊन गॅरेजमध्ये जाई. नवऱ्याकडून काही मदत होईल अशी आशा नव्हती. तो बँकेतून निवृत्त झाल्यापासून कोणत्याही बाबतीत बाजू घेणं त्याने सोडून दिलं होतं.

मग एके दिवशी विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची नियमांची पुस्तिका जेवणाच्या टेबलावर सापडली. लेक विसरून गेली असावी. नियम म्हटले की नामंजूरबाईचा हात आपोआप चष्म्याकडे जाई. तिने चहा गार होईपर्यंत वाचलं आणि संध्याकाळी लेक आल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, की बाई गं, या पुस्तिकेत घडण वेगळी आणि जोडणी वेगळी असं जे जागोजागी लिहिलंय, ते काय आहे?

लेक चपला काढता काढता थांबली. आईने विमानाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिने बसून नीट समजावलं. हौसेने घरी बांधलेल्या विमानाला खातं उडायची परवानगी देतं, पण एका अटीवर. अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने केलेलं पाहिजे. आणि काम म्हणजे नुसती जोडणी नाही. कोरा पत्रा घेऊन त्यावर आखायचं, कापायचं, कडा वळवायच्या, भोकं पाडायची, ही घडण. कारखान्यातून भोकं पाडून आलेला तयार भाग घ्यायचा आणि रिवेट ठोकून दुसऱ्याला चिकटवायचा, ही जोडणी. नुसतं जोडून आणलेलं विमान तपासनीस पास करत नाही. इंजिन बसवणं आणि रंग देणं तर कशातच धरत नाहीत.

"म्हणजे बेडरूममधलं कपाट मी केलं, तसंच ना?" नवऱ्याने पेपरातून मान वर केली. दुकानातून खोक्यात आलेलं ते कपाट त्याने स्क्रू पिळून उभं केलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं होतं.

"बाबा, ते तुम्ही जोडलंत. केलं कारखान्याने."

"आणि त्याचं दार लागत नाही ते?"

"तेवढं तुमचं," नामंजूरबाई म्हणाली.

लेक हसली आणि पुढे सांगत गेली. विमानाचं धड आणि शेपूट तिने जवळपास तयार विकत घेतलं होतं, कारण दुकान सांभाळून वेळ कुठून आणायचा? राहिले पंख. पंखाच्या आत ओळीने बरगड्या असतात, त्यांना रिब म्हणतात. त्या पत्र्यातून घडवायच्या. सगळी मदार त्यांच्यावर. त्या घडल्या की अर्ध्याच्या थोडं वर, नाही घडल्या की खाली.

नामंजूरबाईने मान डोलावली आणि कपबशा उचलल्या. नळाखाली बशी धरलेली असतानाच तिला वाट दिसली.

पुस्तिकेत सगळीकडे 'हौशी बांधणारा' असं लिहिलं होतं. दाव्याच्या कामात ती एक गोष्ट आधी बघे: पॉलिसीवर नाव कोणाचं? नाव एकाचं आणि पाय दुसऱ्याचा मोडला, तर कितीही खरा मोडलेला असला तरी कंपनी पैसे देत नाही. इथे बांधणारी म्हणून नाव होतं लेकीचं. मग बरगड्या लेकीने न घडवता दुसऱ्याच कोणी घडवल्या तर? लेकीचा वाटा अर्ध्याच्या खाली. तपासनीस नापास करणार. विमान गॅरेजमध्येच राहणार, अगदी सुरक्षित, त्यावर वाटलं तर कपडे वाळत घालता येतील. ना भांडण, ना रडारड. उलट आईने मदतच केलेली.

रविवारी सकाळी ती जुना गाऊन घालून गॅरेजमध्ये गेली आणि म्हणाली, "दे काहीतरी काम. दिवसभर घरात बसून वीट आलाय."

लेकीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कपाटातून दुसरा चष्मा आणि हातमोजे काढून दिले. ते नवे होते आणि आईच्या हाताला बरोबर बसले. त्याचं आईला त्या वेळी काही वाटलं नाही.

काम दिसायला सोपं होतं. बरगडीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे. मधे कापलेला पत्रा दाबून धरायचा, शिकंज्यात घट्ट करायचा आणि बाहेर राहिलेली कड लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत खाली वळवायची. नामंजूरबाईने पहिली बरगडी ठोकली, शिकंजा सोडला, आणि ती केळ्यासारखी वाकून हातात आली. लेकीने कारण सांगितलं. गोलाईवर कड वळवली की तिथे पत्रा जास्तीचा होतो आणि बरगडी वाकते. मग एका खास पकडीने कडेला थोड्याथोड्या अंतरावर बारीक पन्हळी पाडायच्या, शिवणात चुण्या घालून कापड आवरतं घेतात तशा. जास्तीचा पत्रा चुण्यांत गेला की बरगडी सरळ होते. चुण्या कमी पडल्या तर केळं तसंच राहतं, जास्त झाल्या तर उलटं केळं होतं.

पहिल्या आठवड्यात नुसती केळीच झाली. नवरा येऊन ती मोजून जाई आणि डझनाचा भाव विचारी.

पण रोज दुपारी, लेक दुकानात असताना, गॅरेजमधून ठकठक ऐकू येऊ लागली. बाईचा हात बसला. आणि इथेच त्या बेताला पहिली चीर गेली, जी तिच्या लक्षातही आली नाही. विमान उडणारच नव्हतं, तर बरगड्या वेड्यावाकड्या झाल्या म्हणून काय बिघडणार होतं? पण तिला ते जमेना. नापास होणार हे नक्की, पण समजा चुकून झालं पास, तर? तर तिची लेक त्या बरगड्यांवर बसून आभाळात जाणार. त्यामुळे कडेवर केसाएवढी चीर दिसली तरी बरगडी बाद. भोकाच्या तोंडाशी धातूचं कुसळ राहिलं तरी बाद. ती प्रत्येक बरगडी खिडकीशी ठेवलेल्या सपाट काचेवर आडवी ठेवून बघे, खालून उजेड दिसतो का ते. दिसला की परत पकड. नवऱ्याला तिने बेत सांगितला होता, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना. तो बाद झालेल्या बरगड्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाला, "तू विमान पाडायला निघालीस की उडवायला, ते एकदा ठरव."

"तुम्ही गप्प बसा. आणि तिला काही बोलू नका."

"मी कशाला बोलतोय," तो म्हणाला. हे त्याने इतक्या मजेत म्हटलं, की तिने तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बरगड्या झाल्या, हिरवट रंगाचा हात देऊन दोरीवर ओळीने लटकल्या. लेकीने त्या कण्यावर लावून रिवेट ठोकले. तेवढी जोडणी तिची. पंखावर वरचा पत्रा चढवायच्या आधी आतलं काम बघायला तपासनीस येणार होता.

तो आला तो उंच, वाळका, कोट हातावर घेतलेला माणूस. खिशात लांब दांड्याचा छोटा आरसा आणि बॅटरी. त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. धड बघितलं, म्हणाला, "हे कारखान्यातलं." शेपूट बघितली, तेही कारखान्यातलं. मग पंखाजवळ वाकला, आरसा आत घातला आणि बराच वेळ तसाच राहिला. नामंजूरबाई दाराशी उभी होती. जन्मात कधी कोणत्या दाव्याच्या निकालाची तिने इतकी वाट पाहिली नव्हती.

"या बरगड्या तुम्ही केल्यात?" त्याने लेकीला विचारलं.

लेक काही बोलायच्या आत नामंजूरबाई पुढे झाली. तिने ठरवलेलं वाक्य घडाघडा म्हटलं. साहेब, खोटं कशाला बोलायचं, सगळ्या मी केल्यात. तिने एकीलाही हात लावलेला नाही. घडण सगळी माझी, तिची फक्त जोडणी. नियमात काय बसतं ते तुम्ही बघा.

एवढं बोलून ती लेकीकडे न बघता भिंतीकडे बघत उभी राहिली. होऊन जाऊ दे एकदाचं असं तिला वाटलं.

तपासनीस म्हणाला, "पैसे घेतलेत?"

"कोणाकडून? पोटच्या पोरीकडून?"

"मग काही प्रश्न नाही. हौशी माणूस एकच असावा असं कुठे आहे? दोघींनी मिळून केलं तर दोघी हौशी. घरच्या घरी, बिनपैशाचं, विकत न आणलेलं, एवढंच बघतो आम्ही."

नामंजूरबाईने सावकाश लेकीकडे मान वळवली. लेक छताकडे बघत होती. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. दारात नवरा उभा होता, त्याने पेपर तोंडासमोर धरला होता आणि पेपर हलत होता. मग बाईला एकेक आठवत गेलं. टेबलावर 'विसरलेली' पुस्तिका. हाताला बरोबर बसणारे नवे हातमोजे. वाट्याचा हिशोब इतका नीट समजावून सांगणारी लेक, आणि दोघींनी मिळून केलं तरी चालतं हे मात्र न सांगणारी लेक. दुकान सांभाळून एवढ्या बरगड्या तिच्या एकटीने होणं शक्यच नव्हतं. नवऱ्याचे हात त्या कपाटानेच बाद केले होते; ठोकायला मोकळे हात उरले ते तिचेच, आणि ते सरळ मागितले असते तर मिळाले नसते.

पण तपासनिसाचं बोलणं संपलं नव्हतं. त्याने एका बरगडीवर बोट फिरवलं. "पण मला एक शंका आहे, बाई. या फार सारख्या आहेत. हाताने केलेल्या अशा होत नाहीत. बाजारात तयार मिळतात, लोक आणतात, जोडतात आणि आम्ही घडवल्या म्हणून सांगतात. या विकतच्या असतील तर सगळं मिळून तुमचं काम अर्ध्याच्या खाली जातं, आणि मला परवानगी देता येणार नाही." त्याने कोट खुर्चीवर टाकला. "एक करून दाखवा. माझ्यासमोर."

म्हणजे निकाल पुन्हा तिच्याच हातात आला. एक बरगडी बिघडली, की विमान खाली. इतकं सोपं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, फक्त हातोडी जरा वेडीवाकडी पडायला हवी होती. आणि आता तर मनात रागही होता. आपल्याच लेकीने आपल्याला बनवलं.

तिने गाऊनच्या बाह्या वर केल्या. पत्रा ठोकळ्यांमध्ये धरला, शिकंजा आवळला. लेक जवळ आली. आई काय करू शकते हे तिला पुरतं कळलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुला हवं तसं कर. मी काही बोलणार नाही."

"आत्तापर्यंत कुठे बोललीस?" नामंजूरबाई म्हणाली आणि पहिली थाप मारली. मुद्दाम जोरात, मुद्दाम एकाच जागी. मग दुसरी. कड एका बाजूला चेपली, दुसरीकडे फुगली. शिकंजा सोडल्यावर असं केळं बाहेर आलं, की पहिल्या आठवड्यातही तसं झालं नव्हतं. तपासनिसाने कोटाकडे हात नेला. लेकीने मान खाली घातली.

बाईने ते केळं टेबलावर ठेवलं. झालं काम. आता फक्त हात मागे घ्यायचे होते.

पण ते समोर पडलं होतं. वाकडं, फुगलेलं, आणि तिच्या हातचं. शेजारी दोरीवर तिच्याच दोन बरगड्या जास्तीच्या म्हणून लटकल्या होत्या, सरळ, शहाण्या. बाईने नजर दुसरीकडे वळवली. परत इकडे आली. जेवताना भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तर घास अडकणारी ती बाई. तिने स्वतःशीच काहीतरी पुटपुटत पकड उचलली. फक्त हा एक फुगवटा काढते, एवढंच, म्हणून एक चुणी घातली. मग शेजारी दुसरी, कारण एकीने भागेना. चेपलेली कड ठोकळ्यावर घेऊन हलक्या हाताने उठवली. काचेवर ठेवली, खाली वाकून उजेड बघितला, परत पकड. तपासनीस आहे, लेक आहे, बेत आहे, हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं. शेवटी तिने कडेवरून अंगठा फिरवला, बरगडी काचेवर ठेवली, आणि खाली कुठेच उजेड दिसला नाही.

मग ती भानावर आली.

तपासनिसाचा कोट अजून खुर्चीवरच होता. "सरळ केलेली बघायला मिळाली ते बरं झालं," तो म्हणाला. "चांगली करून दाखवली असतीत तर मला वाटलं असतं की एकच घोटून ठेवली आहे. पण इतकी बिघडलेली सुधारायची म्हणजे ढीगभर बिघडवलेल्या असाव्या लागतात."

"डझनाने होत्या, मला विचारा," दारातून नवरा म्हणाला.

नामंजूरबाई स्टुलावर बसली. तिने स्वतःच्या हाताने स्वतःचा दावा मंजूर करून ठेवला होता. बेत फसला असता तर एक वेळ ठीक. पण तिने तो नुसता घालवला नाही, बिघडवूनसुद्धा पास होऊन दाखवलं. लेक तिच्या गळ्यात पडायला आली, तर तिने पकड मधे धरली. "लांब राहा. माझा राग गेलेला नाही."

"सांगितलं असतं तर केलं असतंस?"

"नसतं केलं."

"मग?"

बाईने तिला टेबल झाडायला लावलं.

तपासनीस कागद भरत होता. बांधणाऱ्या म्हणून दोघींची नावं घातली. मग सवयीने, मान वर न करता त्याने विचारलं, की दर वर्षी विमानाची तपासणी लागते, पहिल्या उड्डाणाच्या आधीही लागते. ज्याने घडवलं त्याला ती करायचा परवाना मिळू शकतो, पण एकालाच. विमान ठीक आहे असं त्या माणसाने लिहून देईपर्यंत ते जमिनीवरून हलत नाही. कोणाचं नाव लिहू?

लेकीने तोंड उघडलं. "माझं लि..."

"माझं," नामंजूरबाई म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती घरात कोणाशी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "घडण माझी आहे ना, साहेब? मग बिघाड मलाच आधी दिसेल. तिला बिचारीला दुकान असतं."

"आई, नको," लेक म्हणाली.

"का गं? मी कधी कोणाचं काम अडवलंय?"

पेपरामागून नवऱ्याला ठसका लागला. तपासनिसाला यातलं काही कळलं नाही. त्याने नाव लिहिलं, शिक्का मारला, आणि बाईच्या कामाचा मान म्हणून आपला लांब दांड्याचा आरसा तिला देऊन टाकला.

त्यामुळे पहिल्या उड्डाणाच्या दिवशी मैदानावर जे झालं ते असं. लेक सकाळी लवकरच पट्टा बांधून आत बसली. आभाळ स्वच्छ होतं, वारा नव्हता. नामंजूरबाई गाऊनवर लेकीचं जुनं जाकीट चढवून विमानाखाली शिरली, आरसा आणि बॅटरी घेऊन. उजवा पंख झाला. डावा झाला. शेपटीचे रिवेट तिने एकेक करून अंगठ्याने दाबले, कारण ती कारखान्याची होती आणि कारखान्याचा काय भरवसा. चाकाची हवा दोनदा बघितली. इंजिनाचं झाकण उघडून घेतलं, बंद करून घेतलं, आणि काहीतरी राहिलं म्हणून परत उघडून घेतलं. ऊन वर आलं. नवऱ्याने सतरंजी घालून डबा उघडला.

"आई, संध्याकाळ होईल," आतून आवाज आला.

"मग उद्या जा. विमान कुठे जातंय?"

लेकीने कपाळाचा घाम पुसला, पण आवाज चढवला नाही. तिला कळत होतं की आई वेळ काढतेय, आणि हेही कळत होतं की आई खोटं काही शोधणार नाही. खोटा बिघाड लिहिणं त्या बाईच्याने झालं नसतं. तिने दावे नामंजूर केले ते सगळे खरोखरच नामंजूर होण्याजोगे होते. ती फक्त शोधत राहणार, आणि सापडत नाही तोवर शोधत राहणार.

दुपारच्या सुमाराला बाई विमानाखालून निघाली. गुडघ्याला गवत लागलं होतं. ती पंखाच्या टोकाशी गेली, जिथे शेवटची बरगडी होती, आणि पत्र्यावर तळहात ठेवून उभी राहिली. बघायला काही उरलं नव्हतं. तिने मनातल्या मनात सगळीकडून परत एक फेरी मारली आणि तिथेही काही सापडलं नाही. मग लेकीच्या खिडकीशी येऊन तिने कागदावर सही केली.

"पंखांची काळजी करू नको," ती म्हणाली. "ते मी बघितलंय. तू फक्त समोर बघ, इकडेतिकडे आम्ही कुठे उभे आहोत ते शोधत बसू नको. आम्ही इथेच आहोत."

"हो."

"आणि उतरल्यावर इंजिन बंद झाल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही."

"हो, आई."

"आणि..."

"अगं, जाऊ दे तिला," सतरंजीवरून नवरा म्हणाला.

बाईने पंखावरून हात काढला आणि लेकीने सांगितलं होतं त्याहून चार पावलं जास्तच मागे सरकली.